येशू खरंच होऊन गेला का? वाद घालताना या चुका टाळा

नाताळ जवळ आला की हा वाद कुठे ना कुठे पेटतोच. एक जण म्हणतो, "येशू नावाचा कुणी झालाच नाही, सगळी रोमन लोकांची बनवाबनवी." दुसरा म्हणतो, "बायबलात लिहिलंय, आणखी काय पुरावा हवा?" अर्ध्या तासात दोघांचे चहा गार होतात आणि प्रश्न जागच्या जागी. मी हा वाद दोन्ही बाजूंनी घातलाय आणि दोन्हीकडून तोंडावर आपटलोय. कुठे आपटलो, ते सांगतो.

दोन प्रश्नांची एकच मोट बांधू नका

गालीलात येशू नावाचा यहूदी उपदेशक होता का, आणि यहूदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या अमदानीत त्याला वधस्तंभावर खिळलं का, हा इतिहासाचा प्रश्न. तो मेलेल्यांतून उठला का, हा श्रद्धेचा. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली हे ज्याला पटत नाही, तोही "ज्ञानेश्वर झालेच नाहीत" असं म्हणत नाही. (ज्ञानेश्वरांचं स्वतःचं लेखन आपल्या हातात आहे, येशूची एक ओळही नाही, हा फरक मान्य करून पुढे चला.) बार्ट एर्मन हे अमेरिकन अभ्यासक स्वतः अज्ञेयवादी आहेत, तरी येशू होऊन गेला हे सांगायला त्यांनी २०१२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे "येशू झाला" असं म्हटल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही आणि "चमत्कार झाले नाहीत" असं म्हटल्याने येशू पुसला जात नाही.

कृष्णाला आणि लडाखला मध्ये आणू नका

आपल्याकडची ही खास चूक. "ख्रिस्त म्हणजे कृष्णच, नावं बघा ना!" 'ख्रिस्त' हे नावच नाही. हिब्रू 'मशीहा', म्हणजे अभिषिक्त, या शब्दाचं ते ग्रीक भाषांतर आहे. 'कृष्ण' म्हणजे काळा, सावळा. कानाला सारखं वाटलं एवढंच.

कृष्णही कुमारीच्या पोटी जन्मला, त्यालाही क्रूसावर खिळलं, ही यादी पाश्चात्त्य लेखकांकडून आली. १८७५ मध्ये कर्सी ग्रेव्ह्ज या अमेरिकनाने क्रूसावर गेलेल्या सोळा तारणहारांत कृष्णाचं नाव घातलं. आता देवकीचं आठवं मूल कुमारीच्या पोटी कसं येणार? आणि जरा व्याधाच्या बाणाची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी तीच यादी मराठीत फिरते आणि माना डोलतात, याचं मला खरोखर नवल वाटतं. १९४६ मध्ये तर बाबाराव सावरकरांनी ख्रिस्त जन्माने तमिळ हिंदू होता, असा दावा पुस्तकात मांडला. त्याला पहिल्या शतकातला एकही आधार नाही.

येशू लडाखच्या हेमिस मठात शिकला, ही गोष्ट निकोलाय नोतोविच या रशियनाने १८९४ मध्ये छापली. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले आणि त्यांनी तिथल्या प्रमुख लामाला विचारलं. असा ग्रंथ मठात नाही, असं लामाने सांगितलं. विषय तिथेच मिटायला हवा होता.

योसेफसचा चुकीचा उतारा पुढे करू नका

योसेफस हा यहूदी इतिहासकार. इ.स. ९३च्या सुमारास त्याने रोममध्ये यहूद्यांचा मोठा इतिहास पुरा केला. त्याच्या १८व्या भागात येशूवर एक परिच्छेद आहे आणि त्यात चक्क "तो ख्रिस्त होता" असं वाक्य आहे. श्रद्धाळू माणूस नेमकं हेच वाचून दाखवतो आणि तिथेच फसतो. योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असं ओरिजेन हा ख्रिस्ती पंडितच तिसऱ्या शतकात लिहून गेलाय. म्हणजे पुढच्या नकलकाराने मजकुरात भर घातलीय. किती घातलीय यावर मतभेद आहेत: बरेच अभ्यासक मूळ मजकूर छोटा होता असं मानतात, काही जण सगळाच परिच्छेद घुसडलेला मानतात.

समोरच्याने एवढं दाखवलं की आपला माणूस गडबडतो आणि योसेफसच सोडून देतो. ही दुसरी चूक. २०व्या भागात आणखी एक जागा आहे. इ.स. ६२ मध्ये महायाजक अनानस याने काही जणांना दगडमाराची शिक्षा दिली, त्यांत "ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ" याकोब होता. म्हटल्या जाणाऱ्या! भाविक नकलकार असं कोरडं लिहील का? शिवाय रोख येशूवर नाहीच, तो अनानसवर आहे. कुठला याकोब हे कळावं म्हणून येशू आलाय. सुरुवात इथून करा.

टॅसिटसला प्रत्यक्षदर्शी बनवू नका

टॅसिटस हा रोमन इतिहासकार. त्याने इ.स. ११६च्या आसपास नीरोच्या काळातल्या रोमच्या आगीबद्दल लिहिताना सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिल्याचं सांगितलं. ख्रिस्ती लोकांचा त्याला तिटकारा होता, म्हणून साक्ष वजनदार. पण घटनेला तेव्हा ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती, आणि पिलाताचा हुद्दाही त्याने आपल्या काळातला लावलाय: तो म्हणतो 'प्रोक्युरेटर', १९६१ मध्ये कैसरियात सापडलेला शिलालेख म्हणतो 'प्रीफेक्ट'. प्लिनी आणि स्वेटोनियस या त्याच काळातल्या रोमन लेखकांकडून याहून कमी हाती लागतं.

हाच दगड उलट बाजूलाही दाखवा. "त्या काळच्या रोमन दप्तरात येशूची नोंद का नाही?" असं विचारणाऱ्याला सांगा की यहूदियातलं पिलाताचं दप्तर उरलेलंच नाही. इ.स. २६ ते ३६ अशी दहा वर्षं सुभा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव कोरलेला दगडसुद्धा १९६१ पर्यंत सापडला नव्हता. मग गावोगाव हिंडणाऱ्या सुताराची नोंद कुठून मिळणार?

शुभवर्तमानं बखरीसारखी वाचा

शुभवर्तमानं म्हणजे बायबलातली येशूची चार चरित्रं: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. बखर अस्सल कागद नव्हे, पण ती कुणी जाळूनही टाकत नाही. मार्कचं शुभवर्तमान साधारण इ.स. ७०चं, म्हणजे घटनेनंतर चाळीसेक वर्षांचं. लूक सांगतो की शिरगणतीसाठी योसेफ आणि मरीया नासरेथहून बेथलेहेमला गेले. हेरोद राजा मेला इ.स.पू. ४ मध्ये आणि लूक ज्या शिरगणतीचं नाव घेतो ती, सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनियस याची, झाली इ.स. ६ मध्ये, मत्तयानुसार जन्म हेरोदाच्या हयातीतला, तो या शिरगणतीशी जुळत नाही. "बघा, खोटं!" असं म्हणून थांबू नका. एवढी ओढाताण कशासाठी? जुन्या भाकितानुसार मशीहा बेथलेहेमचा हवा होता आणि हा माणूस नासरेथचा म्हणून सर्वांना माहीत होता. कल्पनेतलाच नायक असता तर त्याला सरळ बेथलेहेमचाच केला असता. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून, म्हणजे दुसऱ्या गुरूकडून, घेतलेला बाप्तिस्मा, गुन्हेगाराचं मरण, हेही अनुयायांना अडचणीचंच.

पौलाला विसरू नका

सगळ्यांत भक्कम साक्ष हीच, आणि वादात ती क्वचितच येते. पौल हा ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक. बायबलातली त्याची पत्रं इ.स. ५०च्या दशकातली, शुभवर्तमानांच्या आधीची. गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या ख्रिस्ती मंडळींना, लिहिताना तो चिडलेला आहे. आपली शिकवण यरुशलेमच्या पुढाऱ्यांकडून उसनी घेतलेली नाही, हे त्याला ठसवायचंय. म्हणून तो भेटीगाठी शक्य तितक्या कमी करून सांगतो: केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे) पंधरा दिवस राहिलो, आणि "प्रभूचा भाऊ याकोब" सोडला तर दुसरा प्रेषित पाहिला नाही, देवासमक्ष सांगतो, खोटं बोलत नाही. ही भेट त्याच्या मुद्द्याला अडचणीची आहे, तरी नाकारता येत नाही. पुढे सीरियातल्या अंत्युखिया शहरात याकोबाकडून आलेल्या माणसांवरून त्याचं केफाशी तोंडावर भांडणही झालं.

यावर रिचर्ड कॅरियर यांच्यासारखे, येशू झाला हेच नाकारणारे लेखक म्हणतात की 'प्रभूचा भाऊ' म्हणजे धर्मबंधू. मुद्दा ऐकून घ्या, हसण्यावारी नेऊ नका. मग करिंथकरांस पहिलं पत्र उघडा, नववा अध्याय, पाचवं वचन. तिथे पौल 'प्रभूचे भाऊ' आणि 'केफा' वेगवेगळे मोजतो. केफा धर्मबंधू नव्हता का?