प्रबंधात स्वतःचाच जुना निबंध वापरताना या चुका टाळा

“माझंच लिखाण आहे, मग मी चोरलं कोणाचं?” प्रबंध जमा करायच्या आधी तपासायला माझ्याकडे येतात, आणि दर दुसऱ्या फाइलसोबत हा प्रश्नही येतो. चोरी हा शब्द घटकाभर बाजूला ठेवू. प्रबंधातला मजकूर नवा आहे असं धरूनच परीक्षक वाचतात. तो आधी छापून आला असेल तर त्यांना ते तिथल्या तिथे कळलं पाहिजे. शिवाय तो जुना शोधनिबंध बऱ्याचदा एकट्याचा नसतो, त्यात सहलेखक असतात आणि हक्क प्रकाशकाला लिहून दिलेले असतात. मग ‘माझंच’ कितपत माझं?

पण न सांगता चिकटवणाऱ्यांपेक्षा मला जास्त राग येतो तो शब्द फिरवणाऱ्यांचा. एका विद्यार्थ्याचं तिसरं प्रकरण म्हणजे जवळजवळ त्याचा छापलेला निबंधच होता. साम्य अहवालात, म्हणजे मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणाऱ्या अहवालात, टक्का चढला आणि तो घाबरला. दोन-तीन वाक्यांत खुलासा करून मोकळं व्हायचं, तर त्याने अख्खं प्रकरण शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलं. टक्का उतरला खरा, पण ‘रँडम व्हॅल्यू’चं ‘इर्रेग्युलर एस्टीम’ झालं! असल्या शब्दप्रयोगांना 2021 मध्ये संगणकशास्त्रज्ञ गिओम कॅबानॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ असं नाव दिलं. त्यांच्या यादीत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं आहे. आमच्या या गृहस्थाने मूळ फाइलही ठेवली नव्हती. छापील निबंध शेजारी ठेवून आम्ही परिच्छेदामागून परिच्छेद पूर्ववत करत बसलो. दोन रात्री वाचवायला गेला आणि अकरा दिवस घालवून बसला.

त्याला हवं होतं ते एवढंच, प्रकरणाच्या पहिल्या पानावर: “विभाग 3.2 ते 3.4 आणि आकृती 3.1 हे माझ्या पूर्वप्रकाशित निबंधातून घेतले आहेत. मोजमापं सहलेखकाने घेतली, विश्लेषण माझे आहे. विभाग 3.5 नवीन आहे.” पुढे कंसात साल, आणि संदर्भसूचीत इतर कोणाच्याही निबंधासारखी नोंद. ‘काही भाग पूर्वी प्रसिद्ध झाला आहे’ असं मोघम लिहाल तर मी ते परत पाठवतो. कोणता भाग, ते सांगा ना.

अख्ख्या प्रकरणाला अवतरणचिन्हं लावायचाही उद्योग करू नका. एपीए या संदर्भलेखनाच्या शैलीच्या सातव्या आवृत्तीत तर स्वतःच्या अशा मजकुराला ती लावूच नका असं आहे: तो शक्यतो एका परिच्छेदात ठेवा, ‘मी याआधी मांडल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करा आणि शेवटी संदर्भ द्या. अर्थात, विभागाचा नियम वेगळा असेल तर तोच पाळायचा.

माझी स्वतःची सवय जुनाट आहे. निबंध पाठवला त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचं, कोणता परिच्छेद आणि कोणती आकृती प्रबंधात कुठे जाणार. चार वर्षांनी आठवत नाही, कोणालाच.

साम्य तपासणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरच्या साठ्यात कच्चा मसुदा जमा होऊ देऊ नका. नंतर अंतिम प्रत टाकली की ती तुमच्याच मसुद्याशी जुळते आणि अहवाल लालेलाल होतो. टाकण्यापूर्वी ‘नो रिपॉझिटरी’ (साठ्यात ठेवू नका) हा पर्याय निवडलाय का, एवढं मार्गदर्शकांना विचारा.

पदव्युत्तर प्रबंधिका छापलेली नसली तरी तिचाही संदर्भ द्यावा लागतो.

प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ जशीच्या तशी जोडू नका. आयईईई या प्रकाशक संस्थेला प्रबंधात स्वीकृत हस्तलिखित (छपाईसाठी मान्य झालेली तुमची प्रत) चालतं, अंतिम छापील प्रत नाही, आणि सोबत त्यांची कॉपीराइटची ओळ लागते. एल्सेव्हियर हा प्रकाशक लेखकाला स्वतःचा लेख प्रबंधात घेऊ देतं, पण मूळ ठिकाणाचा उल्लेख हवाच. हे नियम त्यांच्या संकेतस्थळावर असतात. वाचायला दहा मिनिटं लागतात, तरी कोणी वाचत नाही.

‘प्रस्तुत निबंधात’ हे शब्द प्रबंधभर शोधा आणि बदला. आकडेही बघा. एकीने निबंधातला पद्धतीचा भाग तसाच आणला, त्यात मुलाखती होत्या 48. प्रबंधाच्या प्रस्तावनेत 62. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता, “मधले चौदा जण गेले कुठे?”