घटस्फोटात ठरलेले पैसे समोरचा देत नाहीये? वसुली अशी करा

कन्सेंट टर्म्समधली (दोघांनी सहमतीने कोर्टात दिलेल्या अटींमधली) तारीख उलटून गेली आणि समोरून नुसतं 'पुढच्या महिन्यात नक्की' येतंय, तर फोन करणं थांबवा. सगळ्यात आधी डिक्रीची (कोर्टाच्या अंतिम हुकुमाची) सर्टिफाइड कॉपी काढा आणि नीट वाचा. पैशाची अट डिक्रीत आलीये का ते बघा, कारण नुसत्या स्टॅम्प पेपरवरचा करार असेल तर थेट वसुली होत नाही, वेगळा दावा लावावा लागतो, आणि त्याला साधारण ३ वर्षांचीच मुदत असते. उशिराचं व्याज लिहिलंय का तेही बघा, डिक्री त्याबद्दल गप्प असेल तर व्याज विसरा. (अजून सह्या झाल्या नसतील तर व्याजाचं कलम आत्ताच घालून घ्या.)

मग वकिलाकडून एक नोटीस. सक्तीची नाही, पण कधीकधी तेवढ्यानेच पैसे येतात. नाही आले तर ज्या फॅमिली कोर्टाने डिक्री दिली तिथेच दरखास्त, म्हणजे डिक्रीची अंमलबजावणी करून द्या असा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ खाली. मुदत १२ वर्षं आहे पण म्हणून निवांत राहू नका, २ वर्षं उलटली की आधी समोरच्याला कोर्टाची नोटीस काढावी लागते, म्हणजे अजून तारखा.

खरी मेहनत पुढे आहे. पैसा कुठे आहे हे कोर्ट स्वतःहून शोधत बसत नाही, ते तुम्हीच दाखवायचं. जुन्या फायली उपसा, रद्द केलेला एखादा चेक, जॉइंट लोनचे कागद, जुना फॉर्म १६, यातून खाते नंबर, ब्रँच, कंपनीचं नाव सगळं मिळतं. काहीच हाती नसेल तर ऑर्डर २१ रूल ४१ खाली समोरच्याकडून मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट मागा, ते दिलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. खातं जप्त होतं, फ्लॅटवर जप्ती आली की तो विकता येत नाही. पगारातले पहिले १००० रुपये सोडून उरलेल्याचा एक तृतीयांश भाग मिळू शकतो, पीएफला मात्र हात लावता येत नाही, त्यामागे धावू नका. माणूस किंवा मालमत्ता दुसऱ्या शहरात असेल तर डिक्री तिकडच्या कोर्टात ट्रान्सफर करून घ्या.

'आत टाका त्याला' हे सगळ्यांच्या मनात येतं. पण ऐपत असून देत नाही हे दाखवावं लागतं, पैशाच्या डिक्रीत बाईला अटक होत नाही, आणि जेलमध्ये बसून आला तरी देणं फिटत नाही.

मध्येच थोडे पैसे आले तर घ्या, पण बँकेतूनच, आणि 'अंशतः मिळाले, बाकी येणं आहे' असा मेसेज लगेच टाका. कोर्टाबाहेर झालेला व्यवहार कोर्टात नोंदवावा लागतो, नाहीतर दरखास्तीत तो धरला जात नाही.

दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय. प्रत्यक्षात ती रखडते, म्हणून पुढची तारीख मागितली गेली की वकिलाला हा निकाल पुढे करायला सांगा. फौजदारी कायद्याखाली (CrPC कलम १२५, आता BNSS कलम १४४) मिळालेली महिन्याची पोटगी थकली असेल तर तिचा रस्ता वेगळा, तिथे रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, ते आधी उरका.