परदेशातली इमारत सगळ्यांची, बिल कोणाच्या नावावर? या चुका टाळा

सोसायटीच्या सभेत तळमजल्यावरचे काका हमखास उठतात: "मी लिफ्टने जातच नाही, मग पैसे का भरू?" अमेरिकेची सरकारी खाती परदेशातल्या दूतावासांवरून अशीच भांडली. फरक एवढाच, की तिथला आकडा १,७५० कोटी डॉलरचा होता.

७ ऑगस्ट १९९८ रोजी केनियातल्या नैरोबी आणि टांझानियातल्या दार-ए-सलामच्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले, २२४ माणसं गेली. १९९९च्या कायद्याने ठरवलं की नव्या जागी सगळी खाती एकाच आवारात बसतील आणि इमारत हद्दीपासून १०० फूट आत असेल. दूतावास बांधायचे सुमारे १५०, तेही १४ वर्षांत. २००५च्या आर्थिक वर्षापासून खर्च एकट्या परराष्ट्र खात्यावर न टाकता, परदेशात माणसं ठेवणाऱ्या प्रत्येक खात्याकडून खुर्चीमागे, म्हणजे तिथल्या प्रत्येक पदामागे, वर्गणी घ्यायचं ठरलं.

आधी बांधकाम, मग वर्गणी. सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. तिथल्या परदेशी मदत संस्थेच्या, म्हणजे यूएसएडच्या, इमारतीचे पैसे वेगळ्या तरतुदीतून यायचे. काही ठिकाणी मुख्य दूतावास उभा राहिला तरी शेजारची इमारत रखडली. यूएसएडची माणसं कमी सुरक्षित जागेतच राहिली आणि नंतर त्याच आवारात पुन्हा खोदकाम. दोन्ही कामं एकदम केली तर खर्च वाचतो, हे संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००४ साली लिहून दिलं. तरतूद दोन खिशांतून येणार असेल, तर दोन्ही खिसे उघडेपर्यंत कुदळ मारू नका.

रिकामी खुर्ची न मोजणं. "असू दे, माणूस येईल कधीतरी" म्हणत पदं राखून ठेवायची सवय आपल्यालाही नवी नाही. म्हणून तिथे मंजूर पण रिक्त पदालाही वर्गणी लावली.

इमारतीगणिक हिशेब मांडणं. आमच्या गावात अजून वीटही लागली नाही, आत्तापासून पैसे का, ही तक्रार रास्त वाटते. पण ही भिशी आहे. नंबर उशिरा लागणाराही पहिल्या महिन्यापासून भरतो. दर मात्र सरसकट एकच ठेवू नका. सोसायटीत पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर असतो, तसं तिथे बंदोबस्तातली खास जागा लागणाऱ्या खुर्चीला जास्त पडतात.

बांधणं आणि चालवणं एकाच वहीत. गाड्या, टपाल, पहारा यांचा खर्च वाटायला तिथे वेगळी व्यवस्था आहे आणि तिच्या मंडळात प्रत्येक खात्याला जागा असते. तरीही २०१०च्या तपासणीत दिसलं, की नव्या इमारतींचा देखभाल खर्च वाढला होता आणि काही ठिकाणी टेबलं माणसांना पुरत नव्हती.

वाद पेटलाच असेल तर पूर्ण वर्गणी एकदम मागू नका. तिथे ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवली. आणि पदांची यादी दरवर्षी नव्याने तपासा, म्हणजे नको असलेलं पद सोडणाऱ्या खात्याचं बिल खरोखर उतरतं.