पीटीचा तास मोजताना या चुका टाळा

पीटीच्या तासाला शिक्षक आणि मुलं एकमेकांशी कसं वागतात-बोलतात, याच्या नोंदी घ्यायच्या आहेत? मग वर्गातल्या संवादाच्या नोंदीसाठीचा फ्लँडर्सचा दहा प्रकारांचा तक्ता घेऊन थेट मैदानावर उतरणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तो तक्ता बोलण्यासाठी बनला आहे: सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, दहावा शांतता किंवा गोंधळ. मैदानावर सर उडी घेणाऱ्या मुलीचा हात धरून नीट वळवतात, लांबूनच अंगठा दाखवतात, नुसत्या शिट्टीवर रांग लावून घेतात. शब्द एकही नाही, म्हणून हे सगळं दहाव्या रकान्यात जातं आणि कागदावर सर गप्प बसलेले दिसतात! जॉन चेफर्स यांनी १९७२ मध्ये हीच उणीव भरून काढली. त्यांच्या ‘कॅफियास’मध्ये, म्हणजे फ्लँडर्सच्या तक्त्याच्या सुधारित रूपात, शब्दांतल्या कौतुकाला क्रमांक २, तर नुसत्या खुणेच्या कौतुकाला १२. सूचनेला ६, तर मूक सूचनेला १६.

दुसरी गडबड लयीची. दर ३ सेकंदांना एक नोंद, म्हणजे अर्ध्या तासात किमान ६००. तुमच्या ४१०च भरल्या, तर बहुधा तुम्ही कागदाकडे बघत राहिलात आणि ‘छान!’सारखे निसटते शब्द सुटले. कानात ३ सेकंदांची टिकटिक लावा. शिक्षकाच्या कॉलरला माइक हवाच, वाऱ्यात काही ऐकू येत नाही.

आता एकमताचा सापळा. दोन निरीक्षकांचं ८४ टक्के जुळलं की पेढे वाटायची घाई होते. पण १०० नोंदींत दोघांनीही प्रत्येकी ९० वेळा ‘सूचना’ आणि १० वेळा ‘माहिती’ लिहिलं असेल, तर डोळे मिटून लिहिलं तरी ८२ जुळतील. म्हणून योगायोगाने जुळणारं वजा करून उरलेलं एकमत मोजणारा आकडा, कोहेनचा ‘कप्पा’ (kappa), काढा: (८४ − ८२) ÷ (१०० − ८२), म्हणजे जेमतेम ०.११. असं दिसलं की आकडे बाजूला ठेवा, व्हिडिओ पुन्हा लावा आणि ‘सूचना’ कुठे संपते, ‘माहिती’ कुठे सुरू होते यावर दोघांनी भांडून घ्या.

पहिले एक-दोन तास हिशेबात धरू नका. पाहुणा दिसला की शिक्षकही गोड बोलतात, मुलंही.

आणि नुसती बेरीज करू नका. तासाभरात कौतुक २४ वेळा झालं, पण त्यातलं १५ वेळा त्याच चार चपळ मुलांचं असेल तर? मुलांच्या पाठीवर क्रमांक लावा आणि प्रत्येक नोंदीपुढे तो लिहा. ज्या क्रमांकांपुढे काहीच नाही, ती मुलं बहुतेकदा रांगेच्या शेवटी सापडतात.