उंदीर निश्चल झाला म्हणजे हताश झाला, असे लिहिण्यापूर्वी

दीर्घकालीन ताण आणि ओपिऑइड (मॉर्फिनसारखी द्रव्ये) यांचा उंदरांवरील एकत्रित परिणाम प्रबंधासाठी तपासायचा असेल, तर आपण नेमके काय मोजतो हे आधी पक्के करावे. संशोधक पोर्सोल्ट यांनी 1977 मध्ये मांडलेल्या, नैराश्याच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीत लहान उंदराला साधारण 25 अंश सेल्सिअस पाण्याच्या उंच काचपात्रात सहा मिनिटे ठेवतात. तो आधी काचेवर पंजे मारतो, मग नाक पाण्याबाहेर राहील इतकेच पाय हलवत तरंगतो. शेवटच्या चार मिनिटांतील ही निश्चलता सेकंदांत मोजतात. तिला हताशा म्हणण्याचा प्रघात असला, तरी उंदीर केवळ शक्ती वाचवत असेल, हा आक्षेप जुना आणि रास्त आहे.

एकाच ताणाला उंदीर सरावतो, म्हणून ओला भुसा, तिरका पिंजरा, रात्रभर चालू दिवा असे प्रकार क्रम बदलून काही आठवडे वापरावेत. ताण लागू पडला की नाही, हे साखरेच्या पाण्याची ओढ कमी झाली का, यावरून पडताळावे.

खरी गफलत ओपिऑइडपाशी होते. मॉर्फिन दिलेला उंदीर शेपूट पाठीवर ताठ वळवून पिंजऱ्यात गोल गोल धावत सुटतो. असा प्राणी पाण्यात कमी वेळ निश्चल राहिला, तर त्याचे श्रेय नैराश्यविरोधी गुणाला देता येत नाही. म्हणून तोच डोस आणि तीच वेळ राखून, वेगळ्या गटाची हालचाल मोकळ्या चौकटीत मोजावी. कप्पा रिसेप्टरचा (ओपिऑइड ज्यांना जुळतात अशा पेशींवरील ग्राहकांपैकी एक) मार्ग नेमका उलटा आहे: ताणामुळे सुटणारे डायनॉर्फिन, म्हणजे शरीरातच बनणारे ओपिऑइड, हा रिसेप्टर उद्दीपित करते आणि निश्चलता वाढते, तर नॉर-बीएनआयसारखा अवरोधक ती घटवतो. मात्र त्याचा प्रभाव कित्येक आठवडे टिकत असल्याने तोच प्राणी पुढे नियंत्रण म्हणून वापरू नये.

गट किमान चार हवेत: ताण असलेले आणि नसलेले, त्या प्रत्येकात औषध आणि सलाइन. इंजेक्शन हाही ताणच असल्याने सलाइनही तितक्याच वेळा टोचावे. मॉर्फिन थांबवल्यावर चाचणी किती दिवसांनी घेतली, याची नोंद काटेकोर ठेवावी, कारण माघारीच्या, म्हणजे औषध सुटल्यानंतरच्या, पहिल्या दिवसांतील अस्वस्थता आणि नंतरची मरगळ या वेगळ्या अवस्था आहेत. प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि मॉर्फिनसाठी 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखालील कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वी हाती असावीत.

चित्रफीत पाहून गुण देणाऱ्याला गट ठाऊक नसावा. प्रत्येक उंदरानंतर पाणी बदलावे, आणि बाहेर काढलेल्या उंदराला टॉवेलने पुसून ऊब दिल्याशिवाय पिंजऱ्यात परत ठेवू नये.