भूमिगत बाईचं चरित्र लिहायला बसताना

आधी तारखांचा कागद करा. 'छोडो भारत' आंदोलनात गुप्त रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहतांवर लिहायला घेतलं तेव्हा माझ्या कागदावर दोनच तारखा होत्या: २७ ऑगस्ट १९४२, त्या काँग्रेस रेडिओचं पहिलं प्रक्षेपण, आणि १२ नोव्हेंबर १९४२, अटक. मध्ये जेमतेम अडीच महिने. वय २२. त्या फटीपासून सुरुवात करा, बालपण नंतर भरता येतं.

मग जागा. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर मुंबईत सतत हलवला जाई. नकाशा पसरा आणि प्रत्येक ठिकाणापुढे विचारा: यंत्र कोणी उचललं, भाडं कोणाच्या नावावर, शेजाऱ्यांना काय सांगितलं? उत्तर मिळालं नाही तर जागा कोरी ठेवा. मी एकदा तिथे स्वतःच रचलेला छान प्रसंग घुसडला. वाचून दाखवताना एका आजोबांनी विचारलं, "बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" घशाला कोरड पडली माझ्या.

पोलिसांचे कागद जरूर वाचा, पण ती एका बाजूची कैफियत आहे. त्यात बाई गप्प असेल तर तेही टिपा. उषाबेननी चौकशीत तोंड उघडलं नव्हतं.

'रणरागिणी' पहिल्याच खर्ड्यात खोडा. त्याजागी '४२.३४ मीटर' लिहा, ज्या रेडिओलहरीवर त्यांचा आवाज ऐकू येई.

चार वर्षांची शिक्षा, १९४६ मध्ये सुटका, हे दोन ओळींत उरका. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, त्याला मात्र पानभर द्या. ते कोणीच देत नाही.