इंजिनची शिट्टी स्पीकरमध्ये का येते: कार ऑडिओचे काम शिकणाऱ्यांसाठी

कार ऑडिओच्या कामात नव्याने आलेल्या माणसाचा धीर सर्वांत लवकर खचवणारी तक्रार म्हणजे इंजिन सुरू होताच स्पीकरमधून येणारी शिट्टी. फिटिंग देखणे झालेले असते, आवाजही मनासारखा असतो, आणि रेस दिली की गाण्याच्या मागून एक बारीक सूर चढत जातो. हे काम शिकताना मला सर्वाधिक छळले ते याच दोषाने, आणि आजही अशी गाडी समोर उभी राहिली की पोटात गोळा येतो. वायरिंग, फ्यूज आणि अ‍ॅम्पची जोडणी तुम्हाला येते असे गृहीत धरून मी फक्त या एका दोषाविषयी लिहीत आहे.

पान्हा हातात घेण्याआधी आवाज ओळखावा. रेसबरोबर चढणारी आणि उतरणारी शिट्टी बहुधा अल्टरनेटरची असते. अल्टरनेटर तीन फेजमध्ये वीज तयार करतो आणि त्यातले डायोड तिचे डीसीत रूपांतर करतात, पण ही डीसी पूर्ण सपाट नसते. बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या प्रत्येक फेऱ्यामागे ३६ लहरी उरतात. इंजिन ८०० आरपीएमवर असताना पुलीच्या प्रमाणामुळे अल्टरनेटर २,४०० आरपीएमने फिरत असेल, तर सेकंदाला १,४४० लहरी होतात, आणि हा सूर कानाला चटकन जाणवणारा आहे. रेसबरोबर वेग बदलणारी टिकटिक मात्र इग्निशनची असते; डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसल्याने तिथे तिच्यामागे वेळ घालवू नये. चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्याआधी, एकसुरी घुमणारा आवाज आला तर इंधन पंपाकडे पाहावे.

यानंतर दोष शोधण्याची वाट निम्मी करावी. इंजिन चालू ठेवून हेड युनिटचा, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमचा, व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. शिट्टी व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे अँटेना, ऑक्स किंवा अन्य सोर्समध्ये आहे. फोन गाडीच्याच चार्जरवर लावलेला आणि ऑक्सनेही जोडलेला असेल तर चार्जर काढून पाहावा. पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. शिट्टी व्हॉल्यूमला जुमानत नसेल तर दोष पुढे आहे. मग सिस्टीम बंद करून अ‍ॅम्पच्या आरसीए वायर (हेड युनिटकडून सिग्नल आणणाऱ्या) काढाव्यात आणि मधली पिन व बाहेरची कडी आतून जोडलेले दोन आरसीए प्लग अ‍ॅम्पच्या इनपुटमध्ये घालावेत. असे प्लग घरी बनवता येतात आणि ते कायम पेटीत असावेत. आता सिस्टीम सुरू केल्यावर शांतता असेल तर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या वायर निर्दोष आहेत. शिट्टी तशीच असेल तर आरसीएला दोष देऊ नये.

प्लग घातल्यावर शांतता आणि आरसीए जोडताच शिट्टी, हे बहुतेक वेळा ग्राउंड लूपचे लक्षण असते. हेड युनिटची अर्थिंग डॅशबोर्डमागे आणि अ‍ॅम्पची डिकीत असते. या दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडला की तो आरसीएच्या शील्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, वाट काढतो आणि अ‍ॅम्प त्याला संगीत समजून मोठा करतो. येथेच तो सापळा आहे ज्याने मला बराच काळ अडकवून ठेवले, म्हणून त्याविषयी विस्ताराने सांगणे मी कर्तव्य समजतो.

मल्टिमीटरच्या बझरवर अर्थिंग तपासू नका. एक प्रोब अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला, दुसरा बॉडीला, मीटर वाजला आणि ‘अर्थिंग ठीक आहे’ असा निकाल दिला, ही पद्धत चुकीची आहे. बझर अनेक मीटरमध्ये ३० ओहमच्या खालीही बिनदिक्कत वाजतो, आणि ओहमच्या आकड्यावर विसंबावे तर प्रोबच्या वायरचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम भरतो. आपल्याला शोधायचा असतो तो ओहमच्या शंभराव्या भागातला दोष. अ‍ॅम्प ४० अँपिअर ओढत असेल तर ०.०१ ओहमच्या सांध्यावर ०.४ व्होल्ट पडतात, आणि तो सांधा मीटरला उत्तम वाटतो. त्यामुळे अर्थिंग सोडून बाकी सगळे बदलले जाते आणि शिट्टी जागच्या जागी राहते.

योग्य पद्धत अशी आहे. इंजिन सुरू, हेडलाइट सुरू, बेसचे गाणे मोठ्या आवाजात सुरू. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरा, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असावा. जास्त आला तर मोजमापाचे तुकडे करावेत: टर्मिनलपासून थिंबलपर्यंत (बोल्टखाली बसणारे वायरचे गोल टोक), थिंबलपासून शेजारच्या उघड्या पत्र्यापर्यंत, पत्र्यापासून बॅटरीपर्यंत. ज्या तुकड्यावर व्होल्ट पडतात तिथेच दोष आहे. थिंबल आणि पत्रा यांच्यात तो निघाला तर बोल्ट उघडून पाहा. थिंबलखाली बहुतेक वेळा रंगाची गोल चकती शाबूत असते आणि सगळा करंट केवळ बोल्टच्या आट्यांतून जात असतो. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळावा आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावावे. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीही देऊ नये. त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. दोष पत्रा ते बॅटरी या शेवटच्या तुकड्यात निघाला तर बॅटरीची बॉडीकडे जाणारी कंपनीची पट्टी तपासावी, आणि इंजिनकडे जाणारी पट्टीही त्याच वेळी पाहून घ्यावी. जुन्या गाड्यांत त्या आतून कुजलेल्या असतात.

हे मोजमाप पहिल्यांदा करताना हात अडखळतील आणि आकडे हलतील. त्याने खचून जाऊ नये. काही गाड्यांनंतर मीटर कुठे लावायचा हे आपोआप सुचू लागते. इंजिन चालू ठेवायचे असल्याने गाडी उघड्यावर घ्यावी, बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

फिल्टर आणि ग्राउंड लूप आयसोलेटर यांविषयी माझे मत कठोर आहे. आयसोलेटरमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरने शिट्टी जाते हे खरे, पण स्वस्त आयसोलेटर बेसचा खालचा भाग खातो आणि सैल अर्थिंग आत तशीच तापत राहते. शिकाऊ माणसाने तो पेटीत ठेवूच नये असे मला वाटते. तसेच, ‘आधी आरसीए बदल’ असे सांगणाऱ्या उस्तादापेक्षा ‘आवाज कधीपासून येतो, त्याआधी गाडीत काय काम झाले’ असे विचारणाऱ्या उस्तादाकडे राहावे, पगार थोडा कमी असला तरी. आरसीएवरच शंका असेल तर नवी वायर सीटवरून मोकळी टाकून ऐकावे. कार्पेट उचलण्याची गरज नाही.

गेनचा, म्हणजे इनपुटचा सिग्नल किती वाढवायचा याच्या बटणाचा, भाग थोडक्यात सांगतो, पण तो विसरू नये. त्यावरचा व्होल्टचा आकडा जितका लहान, तितका गेन जास्त. अ‍ॅम्पची संवेदनशीलता ०.२ व्होल्टवर ठेवली तर २० मिलिव्होल्टचा गोंगाट पूर्ण सिग्नलच्या दहाव्या भागाइतका होतो. तीच २ व्होल्टवर ठेवली तर शंभराव्या भागाइतका. हेड युनिट २ व्होल्ट देत असताना गेन शेवटपर्यंत फिरवून ठेवणे म्हणजे शिट्टीला स्वतःहून बोलावणे आहे.

अर्थिंग निर्दोष, गेन योग्य, आरसीए पॉवरच्या वायरपासून दूर, आणि तरीही शिट्टी असेल तर दोन ठिकाणे पाहावीत. एक, हेड युनिटच्या आरसीएची बाहेरची कडी आणि त्याची चासी यांच्यात जोड आहे का. सिस्टीम चालू असताना आरसीए काढ-घाल केली की काही युनिटमधली ही नाजूक जोडणी आतून जळते. असा दोष असेल तर जोड पूर्ण तुटलेली असते, म्हणून इथे बझर खुशाल वापरावा. दुसरे, अल्टरनेटरचा डायोड. मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजावे, पण आधी इंजिन बंद असताना मोजून आकडा शून्याजवळ येतो याची खात्री करावी, कारण काही स्वस्त मीटर एसीवर डीसीचाही भलताच आकडा दाखवतात. इंजिन सुरू असताना ०.५ व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड गेल्याची दाट शक्यता आहे, आणि गाडी आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवावी. तोवर ऑडिओच्या एकाही वायरला हात लावू नये.